आठशे गुणांचे भालाईत

मित्रांनो, माझी उंची तुमच्या करंगळीच्या दोन पेरांएवढी आहे. मी शिशाचा भालाईत आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. पटावरच्या प्राचीन लढायांच्या खेळात प्रत्येक सैनिकाला गुणांत किंमत असते. एका चिलखती घोडेस्वाराच्या किमतीत माझ्यासारखे सहा येतात. याहून स्वस्त त्या खेळात काही मिळत नाही.

अमेरिकेत सुपीरियर सरोवराच्या काठी डुलुथ नावाचं गाव आहे. तिथल्या एका गॅरेजमध्ये शिसं वितळवून साच्यात ओतलं गेलं आणि आम्ही शेकड्याने जन्मलो. टोइव्हो सालो या बोटीवरच्या माणसाने आम्हाला पिशवीभर विकत घेतलं. हिवाळ्यात सरोवर गोठलं की घरी बसून रंगवू, असा त्याचा बेत होता. त्याच शरद ऋतूत तो छातीच्या दुखण्याने गेला.

त्याची बायको इर्मा शाळेत स्वयंपाकीण होती. दुपारी घरी आली की बोलायला कुणी नसे. एक दिवस तिला आमची पिशवी सापडली आणि ती जेवणाच्या टेबलावर आम्हाला रंगवायला बसली. सगळा हिवाळा त्यात गेला. माझ्या भुवया रंगवताना ती श्वास रोखून धरायची. तेवढ्या जवळून माझ्याकडे आजवर दुसऱ्या कुणी पाहिलेलं नाही.

वसंतात ती आम्हाला एका पेटीत घालून टोइव्होच्या खेळाच्या क्लबात देऊन टाकायला गेली. चर्चच्या तळघरात दर शनिवारी दहाबारा पुरुष खेळायला जमत. त्यांनी रंगकामाचं कौतुक केलं. वेंडेल क्रूगर नावाचा सुतार त्यांच्यातला सर्वांत पट्टीचा खेळाडू. तो आम्हाला उलटसुलट करून बघत म्हणाला, “बाई, यांना डोळे कशाला काढलेत? हे पहिल्याच धडकेत मरतात. गवत आहे हे.”

इर्मा देणगी द्यायला आली होती. पण तिने आम्हाला परत पेटीत ठेवलं आणि विचारलं, “खेळायला कुणाची परवानगी लागते?”

लोक हसले. वेंडेल म्हणाला की रंगवणं वेगळं आणि लढवणं वेगळं. पुढच्या शनिवारी ती त्याच्यासमोर संध्याकाळपर्यंत टिकली, तर क्लबात तिची खुर्ची कायमची.

आठवडाभर तिने नियमांचं पुस्तक वाचलं. हजार गुणांत सैन्य उभं करायचं होतं. वेंडेलने सोनेरी चिलखतांचे घोडेस्वार घेतले. इर्माने आठशे गुण आमच्यावर खर्च केले आणि उरलेल्या दोनशेत क्लबाकडचे थोडे हलके, बिनचिलखती घोडे घेतले. आमची रांग इतकी लांब झाली की तिचं एक टोक नदीला लागलं आणि दुसरं जंगलाला. चिलखती घोड्यांना वळसा घालायला जागाच उरली नाही.

वेंडेल समोरून चालून आला. दुसऱ्या धडकेत मी पडलो, आणि मला पटाच्या कडेला आडवं ठेवलं गेलं. तिथून मी सगळं पाहिलं. आमची एक ओळ पडे, की मागची पुढे सरके. प्रत्येक धडकेनंतर त्याचे घोडे दमत होते आणि आम्ही अजून शिल्लक होतो. संध्याकाळी तो आमच्यात अडकलेला असताना तिचे हलके घोडे जंगलातून त्याच्या मागे जाऊन छावणीत शिरले, आणि तो डाव हरला.

वेंडेलने स्वतःच्या शेजारची खुर्ची उचलून समोर ठेवली. “ही तुझी,” तो म्हणाला. “पण पुढच्या वेळी मी जंगलातून येणार.”

“ये की,” इर्मा म्हणाली. “मी अजून रंगवतेय.”

त्यानंतर एकोणीस वर्षं ते शनिवारी खेळले. ती वेलचीचा गोड पाव आणायची, तो कॉफी करायचा. बक्षिसं आणि फोटो घोडेस्वारांना मिळत. आमचा फोटो कुणी काढला नाही. पुढे इर्माचे हात थरथरू लागले. आम्हाला हलवायला गेली की पाचसहा जण कोसळत. तेव्हा ती बोटाने दाखवायची आणि वेंडेल तिचं सैन्य तिच्या वतीने हलवायचा, स्वतःच्याच विरुद्ध, अगदी प्रामाणिकपणे.

एका मार्चमध्ये ती गेली. तिच्या भाचीने आमची पेटी वेंडेलकडे पोचवली. तो क्लबात जायचा बंद झाला. पेटीत आम्ही एकमेकांना खेटून पडून राहिलो. शेकडो जण एकत्र असूनही किती एकटं वाटतं, ते मी त्या नऊ वर्षांत शिकलो. माझ्या भाल्याचं टोक तुटलं. ढालीवरच्या रंगाचे पोपडे निघाले.

गेल्या वर्षी वेंडेलला वृद्धाश्रमात हलवायचं ठरलं. त्याची मुलगी रोझॅन सामान आवरायला आली. खोली लहान, एकच पेटी मावणार होती. तिने सोबत द्यायला सोनेरी घोडेस्वारांची पेटी बाजूला काढली. वेंडेलने मान हलवली. ती क्लबाला दे, हे भालाईत माझ्याबरोबर येतील, असं त्याने सांगितलं.

“पण बाबा, हे तर अगदी साधे आहेत,” रोझॅन म्हणाली.

“हो. म्हणून तर ते टिकले. आणि ते टिकले म्हणून ती दिवसभर माझ्यासमोर बसली.”

आता आम्ही त्याच्या खिडकीत उभे आहोत. रोज सकाळी तो रुमालाने आमच्यावरची धूळ टिपतो. खोलीत दुसरी खुर्ची आहे. तिच्यावर त्याचा कोट असतो.

मित्रांनो, साध्या वस्तू टाकून देण्याआधी त्या कुणी जपल्या होत्या, एवढं तरी विचारा. आणि कधी कुणी पट मांडून एकटं बसलेलं दिसलं, तर कोट उचलून बाजूला ठेवा आणि समोर बसा. नियम येत नसले तरी चालेल. ते शिकवायला त्यांच्याकडे भरपूर वेळ असतो.