तुळेचा गूळ

नात जेवत नाही म्हणून डॉक्टर गाठायचा, ही कल्पनाच सकवारबाईंना हास्यास्पद वाटे. त्यांची सून कृष्णवेणी मात्र धास्तावली होती. पाच वर्षांची कनका दहीभाताखेरीज कशाला तोंड लावत नव्हती, आणि आता तोही दोन घासांत संपायचा. डाळीच्या वासानेच तिला ओकारी येई. अड्यारच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "वजन वाढत नसेल तर थांबू नका. मुलांच्या आहारतज्ज्ञ बाईंना दाखवा."

पण लेकराला तोललं की दृष्ट लागते, असा सासूबाईंचा कायदा. नवरा एकोजी आईपुढे मूग गिळून बसायचा. पोरीला न्हाऊ घालताना कृष्णवेणीच्या हाताला बरगड्या लागत आणि तिच्या काळजाचं पाणी होई.

देवासाठी तोलणं तेवढं माफ होतं. कनका जन्मली तेव्हाचा नवस होता: दर वाढदिवसाला तिच्या वजनाइतका गूळ. यंदाही देवळातल्या तराजूत तिला बसवलं. पोर वर्षाने वाढली, म्हणून सासूबाईंनी गेल्या खेपेपेक्षा जास्तच गूळ आणला होता. गुरुजींनी सगळा गूळ दुसऱ्या पारड्यात रचला. कनकाचं पारडं वर गेलं आणि वरच राहिलं.

गुरुजींनी थोडा गूळ काढला, मग आणखी थोडा. गेल्या वर्षीइतका उरला, तरी पोर खाली येईना.

"देवच कमी मागतो गे," सासूबाई म्हणाल्या, पण त्यांचा आवाज चाचरला.

"देवाला कमी चालंल, आत्याबाई. मला चालायचं नाही."

तिने कनकाला पारड्यातून उचललं आणि प्रसादालाही न थांबता तडक बाहेर आली. रिक्षात बसते तोच सासूबाई धापा टाकत आल्या आणि शेजारी बसल्या. कुठे जायचं, हे त्यांनी विचारलं नाही.

कनकाने आईच्या खांद्यावर मान टाकली. "अम्मा, मी देवाला पुरले नाही का?"

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "सीक्रम पो, अप्पा. लवकर चल."