रेहालावरचा फोन

मी एक जुना रेहाल आहे. कुराण शरीफ वाचताना ते जमिनीला टेकू नये म्हणून ज्या घडीच्या लाकडी घोडीवर ठेवतात ना, ती म्हणजे मी. मित्रांनो, सध्या माझ्यावर फोन चार्ज होतो. तेव्हा माझ्याकडून गोडगोड गोष्टीची अपेक्षा ठेवू नका.

गयानाच्या बर्बीस किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या कादिर बॅकसने मला घडवलं. जांभळ्या लाकडाच्या एकाच फळीतून त्याने माझी दोन्ही पानं कापली. ना खिळा, ना सरस. मग बायकोपुढे, साबिरनपुढे मला ठेवून म्हणाला, "घे. आता तरी माझं जेवायचं बाकडं मोकळं कर."

साबिरनदादी खांबांवरच्या आपल्या घराखाली मुलांना कुराण शिकवायची. चाळीस वर्षं शिकवलं तिने. वुजू करून हातपाय धुतल्याशिवाय मला कुणी शिवत नसे. एकजण वाचू लागला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, हा तिचा कायदा. कोळंबीची जाळी घेऊन निघालेली माणसंसुद्धा कुंपणाशी थांबायची. कुणी कुजबुजलं की ती म्हणायची, "झालं का तुमचं बोलून, नवाबसाहेब? मग अल्लाचं सुरू करू?" वाचणारा चुकला, तर ती फक्त एक बोट वर करायची. पोर तेवढी ओळ पुन्हा वाचायचं.

शिकलेली मुलं न्यूयॉर्कला, टोरांटोला गेली. शेवटी नात उरली, फरझीना. दादीची एकच इच्छा होती. डोळे मिटताना कुराणातला सूरा यासीन हा अध्याय फरझीनाच्या तोंडून ऐकायची. त्र्याऐंशी आयती, म्हणजे ओळी. पोरगी एक्केचाळिसाव्या आयतीपर्यंत पोचली आणि टोरांटोच्या काकाने फोन पाठवला.

"मा, ऐक तरी!" दादीचा मुलगा, फरझीनाचा बाप निजाम फोनवर कुराणाचं पठण लावून हरखून म्हणाला. "मिसरचा कारी आहे, कुराण म्हणण्यात तरबेज. एक चूक दाखव. तुझी शिष्या तर दर ओळीला ठेचकाळते."

"ठेचकाळू दे. मी बसलेय ना."

पण शिकवणी थांबली. फोन स्वयंपाकघरात वाचू लागला. पुऱ्या लाटताना, भांडी घासताना, भांडतानाही. पहिल्या दिवशी दादीने ताट बाजूला सारलं आणि ऐकत बसली. जेवण गार झालं.

"खा ना मा," सून म्हणाली. "ते काय, परत परत लागतं."

त्या उन्हाळ्यात दादीने अंथरूण धरलं. एका दुपारी तिला श्वास लागला, तेव्हा सगळे गोळा झाले. निजामने माझ्यावरची किताब उचलून कपाटावर ठेवली आणि यासीन लावून फोन माझ्यावर ठेवला. फोन वाचत होता आणि खोलीत होडीच्या इंजिनाची, व्हिसाची, क्रिकेटची चर्चा रंगली होती. मला जाळात घातलं असतं तरी चाललं असतं.

दादीने एक बोट वर केलं.

"पाणी मागतायत," सून म्हणाली.

पाणी नव्हतं हवं तिला. मला कळलं आणि फरझीनाला कळलं. ती ओल्या हातांनी धावत आली आणि माझ्यासमोर बसली. "अब्बा, फोन बंद करा. मी वाचते."

तिने सुरुवात केली आणि तिसऱ्याच आयतीला अडखळली.

"आत्ता नको गं," निजाम हळूच म्हणाला. त्याच्या मनात वाईट नव्हतं. "तिच्या अशा वेळेला चुका नकोत. त्या कारीला वाचू दे."

त्याने फोन पुन्हा सुरू केला. दादीचं बोट अजून वरच होतं. तेवढ्यात टोरांटोहून काकाचा फोन आला. आयत मध्येच तुटली आणि खोलीभर रिंगटोनचं नाचाचं गाणं वाजलं. "मा कशी आहे?" काकाने विचारलं. सगळे फोनकडे वळले. पुन्हा दादीकडे वळले, तेव्हा बोट खाली पडलं होतं.

मित्रांनो, फोनवर ऐकायचं तर खुशाल ऐका, पण हातातलं काम ठेवून, तोंड मिटून ऐका. आणि तुमच्या घरात तुमच्या चुका ऐकायला कुणी बसलं असेल, तर आजच त्यांच्यासमोर बसा.

फरझीना रोज दुपारी येते. माझ्यावरचा फोन उचलते, हात धुते, किताब ठेवते आणि बेचाळिसाव्या आयतीपासून पुढे वाचते. अडखळली की थांबते आणि समोर बघते. मी लाकूड आहे, मला बोट नाही. थोडा वेळ वाट बघून ती पुढची ओळ वाचते. चूक तशीच राहते.