माझ्यातली तिसरी चौकट

मित्रांनो, माझं वय अवघं चार वर्षं, पण आमच्या जातीत चार वर्षं म्हणजे पिकलं पान. मी एक जुनी ब्लॉगपोस्ट आहे. मला हात नाहीत, आवाज नाही. मात्र जिथे कोणी मला उघडतं, त्या घरात मी तेवढा वेळ असते आणि तिथलं सगळं पाहते, ऐकते.

डेन्मार्कमधल्या रीबे गावात टिल्डे नावाच्या आईने मला लिहिलं. तिची व्हिगा तेव्हा आठ महिन्यांची होती आणि इथल्या बाळांसारखीच दुपारी अंगणात, बाबागाडीत झोपायची. थंडीचं इथे कोणाला भय नसतं. भय असतं ते बाळ जागं होऊन गाडीत उभं राहण्याचं. म्हणून बाळाच्या छातीभोवती पट्टा बांधतात. टिल्डेने एक लाल पट्टा दोन आठवडे ओढून, ताणून, भिजवून पाहिला. तिचा नवरा येप्पे हसायचा.

"अगं, बाळाला बांधायचंय की बैलाला?"

"बैल पडला तर उठेल," ती म्हणाली आणि पुन्हा ओढू लागली.

मग तिने माझ्यात तीन चौकटी बसवल्या. पहिलीत पांघरूण, दुसरीत मांजर आत शिरू नये म्हणून लावायची जाळी आणि तिसरीत तो लाल पट्टा. त्या चौकटीवर फोटो तिने स्वतः काढलेला, पट्टा घालून हसणाऱ्या व्हिगाचा. चौकटीवर बोट लावलं की दुकान उघडायचं. कोणी वस्तू घेतली की दुकान टिल्डेला लहानसा वाटा द्यायचं. माझ्या डोक्यावर तिने ठळक अक्षरांत 'जाहिरात' असं लिहिलं होतं. तसा कायदाच आहे, आणि लपवण्यासारखं काही नव्हतंही.

चूक झाली ती अगदी बारीक. चौकट बसवताना दुकानाने विचारलं होतं, 'वस्तू संपली तर मिळतीजुळती दाखवू का?' व्हिगा रडत होती. टिल्डेने 'हो'वर खूण केली आणि उठली.

पहिली दोन वर्षं माझा थाट काय वर्णावा! आया मला एकमेकींना पाठवायच्या. 'टिल्डे म्हणते ना, मग घे डोळे मिटून,' असं माझ्याखाली लिहायच्या. मला फार अभिमान वाटायचा. पुढे टिल्डे वाचनालयात नोकरीला लागली आणि माझ्याकडे फिरकेनाशी झाली.

एके दिवशी दुकानातला लाल पट्टा संपला. तिसऱ्या चौकटीमागे दुकानाने गुपचूप दुसरीच वस्तू ठेवली. चालायला शिकणाऱ्या मुलांना रस्त्यात धरून ठेवायचा तो बारीक, दोरीसारखा पट्टा होता. फोटो मात्र व्हिगाचाच राहिला आणि शब्दही तेच राहिले: 'यात बाळाला निर्धास्त बांधा.' त्या दिवसापासून मी खोटं बोलत होते, मित्रांनो, आणि मला थांबता येत नव्हतं.

गेल्या मार्चमध्ये रोन्या नावाच्या आईने मला तिच्या स्वयंपाकघरात उघडलं. त्या दिवशी तिच्याकडे आयांचा गट जमला होता. इथे एकाच सुमारास बाळंत झालेल्या चारपाच जणी दर आठवड्याला एकीच्या घरी बसतात. आत गरम पाव आणि कॉफी, बाहेर खिडकीखाली बाबागाड्यांची रांग. रोन्याचा आस्गेर नऊ महिन्यांचा होता. त्याला तिने माझ्या तिसऱ्या चौकटीतून मागवलेल्या नव्या पट्ट्यात बांधून झोपवलं होतं.

ग्रू नावाची मैत्रीण खिडकीतून त्याच्याकडेच बघत होती. "रोन्या, तो पट्टा बारीक नाही का गं?"

"झाली हिची काळजी सुरू!" रोन्याने फोन पुढे केला. "वाच. दोन आठवडे ओढून पाहिलाय तिने. तू काय टिल्डेपेक्षा शहाणी?"

"फोटोतला रुंद दिसतोय."

"फोटोत तुझं नाकही रुंद दिसतं. पाव खा."

सगळ्या हसल्या. ग्रू हसली नाही. ती माझ्यावरचा फोटो बघायची, मग खिडकी, मग पुन्हा फोटो. मी मनातल्या मनात ओरडत होते, ऊठ, बाई, ऊठ!

टेबलावर बाळाचा आवाज ऐकवणारं यंत्र होतं. त्यातून गाडीची करकर आली. रडणं नव्हतं, नुसती करकर.

ग्रू पायमोज्यांवरच धावली. आस्गेर गाडीत उभा होता. पट्टा घसरून त्याच्या गुडघ्यांशी आला होता. तो गाडीच्या टपाला धरून बाहेर वाकला आणि गाडी कलली. ग्रूच्या हाती त्याच्या कोटाची बाही लागली, मग दंड, मग तो अख्खा.

 रोन्याने तिथेच माझ्याखाली सगळं लिहिलं. पण टिल्डेने मंजूर केल्याशिवाय ते कोणाला दिसणार नव्हतं, आणि टिल्डे कुठे बघत होती? तीन दिवस ते शब्द माझ्या पोटात अडकून राहिले. त्या तीन दिवसांत सहा घरांत मला उघडलं गेलं. दोघींनी तिसऱ्या चौकटीवर बोट लावलं. मी बघत राहिले.

चौथ्या दिवशी टिल्डेने मला वाचनालयात उघडलं. कानाला फोन, चेहरा पांढराफटक. ग्रूने तिचा नंबर शोधून काढला होता.

"तुम्ही तुमच्या चौकटीवर बोट लावा," पलीकडून ग्रू म्हणत होती, "आणि काय दिसतंय ते मला सांगा."

टिल्डेने बोट लावलं. दुकानात लाल पट्ट्याच्या जागी आलेली वस्तू तिने निरखून पाहिली. मग म्हणाली, "हे मी सांगितलेलं नाही."

"नाव तुमचं आहे. फोटो तुमच्या मुलीचा आहे."

घरी येप्पे म्हणाला, "चौकट काढ आणि गप्प बस. लोक तुला फाडून खातील."

"ज्यांनी घेतलाय त्यांचं काय, येप्पे? त्यांना कोण सांगणार?"

तिने तिन्ही चौकटी काढल्या. दुकानाला कळवलं, की ज्यांनी ज्यांनी तो पट्टा घेतलाय त्यांना आजच्या आज सांगा. आणि माझ्या अगदी वर, 'जाहिरात' होतं त्या जागी, तिने रोन्याचे शब्द जसेच्या तसे लावले. खाली लिहिलं: 'चूक माझी आहे. मी पुन्हा बघितलं नाही.' लोकांनी तिला खरोखरच फाडून खाल्लं. तिने एकही शब्द पुसला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दोघींपैकी एकीने मला पुन्हा उघडलं. पट्टा नीट कसा बांधायचा, ते तिला बघायचं होतं. टेबलावर पट्ट्याचं फाडलेलं पाकीट होतं, ते रिकामं होतं. तिने पहिली ओळ वाचली, दुसरी वाचली आणि खुर्ची मागे पाडून ती अंगणाकडे पळाली. मला दिसत होतं फक्त उघडं दार. मी वाट बघत राहिले. मग ती आत आली, झोपेतलं बाळ छातीशी घट्ट धरून.

मित्रांनो, मोठेपणी तुम्हीही कोणाला सांगाल, हे घ्या, हे चांगलं आहे. जरूर सांगा. पण मग अधूनमधून परत येऊन बघा, ते अजून चांगलं आहे का. कारण तुमच्या शब्दावर भार टाकून तिकडे कोणीतरी उभं असतं.