बोनेटखालची हवा

राजकन्या मुखेडच्या शाळेत शिकवायची. तिच्या नव्या गाडीला थोरल्या भावानं, व्यंकटीनं, तिला न विचारताच कंपनीचा बंद फिल्टरचा डबा काढून लाल रंगाचा उघडा एअर फिल्टर बसवून आणला. गाडी आता वाघासारखी गुरगुरते, म्हणून तो लई खूश होता.

एप्रिलच्या उन्हात दोघं अहमदपूरला लग्नाला निघाले. बाजाराच्या गर्दीत गाडी रेंगाळली. पुढं चढ लागला तसं इंजिन नुसतंच ओरडायला लागलं, गाडीत जोर उरला नाही.

राजकन्यानं गाडी कडेला घेऊन बोनेट उघडलं. फिल्टरला बोट लागताच तिनं हात मागं ओढला.

"दादा, हे इंजिनचीच तापलेली हवा ओढून राहिलंय. कंपनीचा डबा बाहेरची हवा घेत होता."

"तुला गाडीतलं काय कळतंय? चल, लोक बघून राहिलेत."

"बघू दे. गाडी माझी हाय."

काढलेला डबा डिकीतच पडला होता. स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती भर रस्त्यात कामाला लागली. लग्नाच्या साडीला काळं लागलं. रसवंतीवरची माणसं टोमणे मारत हसली, पण तिनं मान वर केली नाही. व्यंकटी रागानं गाडीत जाऊन बसला.

डबा परत बसल्यावर गाडी गुरगुर न करता निघाली आणि चढ सहज चढून गेली.

"आवाज गेला की गं सगळा!" व्यंकटी कुरकुरला.

राजकन्यानं फडक्यात गुंडाळलेला फिल्टर त्याच्या मांडीवर ठेवला.

"हौस असंल तर तुझ्या मोटारसायकलला बसव. माझ्या गाडीला पुन्हा हात लावायचा न्हाई."