बाकावर सांगितलेलं

निळं बटण... नवऱ्याच्या शर्टाचं तिसरं, सात महिने नुसतं दोऱ्यावर लोंबत असलेलं. आणि आज ग्विन्याई स्वतःच सुईदोरा घेऊन दारातल्या उन्हात ते शिवत बसला होता, वर तोंडानं हलकी शीळ. शुवाई चुलीपाशी थबकली. शीळ! तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं मात्र नाही — आज गुरुवार, आणि गुरुवारी तो दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर जाऊन बसतो, लोकांचं दुःख ऐकायला दवाखान्यानं तिथं बसवलेल्या एथेल आजीपाशी.

सात महिन्यांपूर्वी त्याची मिनीबस पुलाजवळ उलटली, एक प्रवासी बाई गेली. त्याची चूक नाही, असं पोलिसांनीच सांगितलं; तरी त्या दिवशी तो घरी आला तो खरा आलाच नाही... जेवण नाही, झोप नाही, दारावर टकटक झाली तरी छातीत धडधड. फार विचार करण्याचं दुखणं, शेजारणी म्हणायच्या. दिवसभर मुतारे शहरातल्या बाजारात टोमॅटो विकून आल्यावर त्याच्यापुढे घास कुणी धरला? पास्टरसमोर गुडघे कुणी झिजवले? मी. आणि नर्सनं त्या बाकावर धाडल्यापासून तीन गुरुवारांत हा शीळ घालतो!

"रुफारोची आई, निघतो गं."

"जा की. वाट बघत असेल ती."

"सत्तरीची म्हातारी आहे ती!"

"म्हणूनच तर. तरुण असती तर झिंज्या धरून भांडले तरी असते."

तो हसला. ते हसूही आजीनंच दिलेलं, असं तिला वाटलं.

सासूच्या गोळ्यांचं निमित्त करून ती मागोमाग गेली आणि रांगेत अशी उभी राहिली की झाडाखालचा बाक दिसावा. ग्विन्याई रडत होता. खांदे गदगदत होते — बारा वर्षांच्या संसारात, बापाला पुरतानाही, जे तिनं पाहिलं नव्हतं ते. आणि म्हातारी काहीच करत नव्हती. डोळे पुसत नव्हती, उगी म्हणत नव्हती, मांडीवर हात ठेवून नुसती बसली होती, जणू तिला दुसरं कामच नाही... माझे होते ते अश्रू, शुवाईला वाटलं. माझ्या वाट्याचे.

तो गेल्यावर ती तडक बाकापाशी गेली. "काय सांगतो तो तुला?"

"नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही, एकदम कोर्टच? बस आधी."

"मी त्याची बायको आहे."

"कळलं ते. एवढ्या रागानं दुसरं कोण येणार? पण त्याचं बोलणं त्याचं, पोरी. त्यालाच विचार."

"रोज विचारते. बरं वाटतंय ना, म्हणून."

"मग?"

"हो म्हणतो."

आजीनं सरकून बाकावर जागा केली, शुवाई टेकली. बसता बसता तिला स्वतःचा रोजचा आवाज ऐकू आला — 'बरं वाटतंय ना?' — त्याला हो म्हणण्यावाचून गत्यंतरच नसावं असा. कारण तो नाही म्हणाला असता तर... तर मी कुठं गेले असते?

"तुला झोप लागते का गं?" आजीनं विचारलं.

शुवाई उठली. हिला तर मुळीच सांगणार नाही.

"बुधवारी मी मोकळी असते," पाठीमागून आवाज आला.

संध्याकाळी मक्याचं पीठ घोटता घोटता, त्याच्याकडे न बघता, तिनं विचारलं, "त्या दिवशी पुलाजवळ काय झालं?"

तो चुलीजवळ सरकला. मग सांगू लागला — पाऊस, समोरून आलेला ट्रक, ब्रेक. शब्द नीट, एकामागून एक येत होते. एकदा कुणाला सांगून झालेले, उष्टे. ती जोरानं घोटत राहिली. आणि मग तो अडखळला.

"ती बाई मागं बसत होती... मीच म्हटलं, ताई, पुढं या, ऐसपैस जागा आहे. मीच..."

'उगी' तिच्या जिभेवर आलं, ते तिनं गिळलं. पातेलं खाली उतरवून ती त्याच्याशेजारी बसली. हेही त्यानं बाकावर सांगितलंय का? प्रश्न ओठांशी येऊन थांबला. तो हो म्हणेल याची तिला भीती वाटत होती. आणि नाही म्हणेल याची, कदाचित, त्याहून जास्त; मग हे पेलणारी ती एकटीच.