हजर कनोकवान

पच्चरिनबाई एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या, पण असला पेच त्यांना कधी पडला नव्हता. ऐंशी टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत, म्हणून बाकीची पोरं दांडीचे दिवस बोटांवर मोजत. नववीतली कनोकवान मात्र अंगात ताप असतानाही यायची. मुख्याध्यापकांनी झेंड्यापुढे तिला पूर्ण हजेरीचं प्रशस्तिपत्र दिलं. त्याच आठवड्यात निकाल लागला. गणितात शंभरपैकी सात.

दुसऱ्या दिवशी तिची आई लामदुआन येऊन उभी राहिली. शाळेच्या फाटकासमोर तिची नूडल्सची गाडी होती. तिनं प्रशस्तिपत्र टेबलावर ठेवलं.

"बाई, माझं काम पोरीला धाडायचं. ते मी केलंय, हा त्याचा कागद. आत आल्यावर तुम्ही तिचं काय केलंत?"

पोरीचं लक्ष नसतं, असं बाईंनी सांगून पाहिलं. लामदुआन ऐकेना. शेवटी बाई म्हणाल्या, उद्या तुम्हीच तासाला येऊन बसा. ही कुठली गाडी सोडून येतेय, असा त्यांचा हिशेब. पण लामदुआन बहिणीला गाडीवर बसवून, ठेवणीतलं रेशमी वस्त्र नेसून आली आणि मागच्या बाकावर बसली. बाईंनी वर्गसमीकरणं जरा जास्तच तयारीनं शिकवायला घेतली. अकराव्या मिनिटाला मागून घोरणं ऐकू आलं.

तास संपल्यावर बाई ताठ मानेनं म्हणाल्या, "कळलं ना आता, लक्ष नसलं की काय होतं?"

लामदुआन डोळे चोळत म्हणाली, "माझ्याकडं कुणी वाडग्यात तोंड घालून झोपलं, तर मी गिऱ्हाइकाला बोलत नाही बाई. आधी रस्सा चाखून बघते."

बाईंना ते झोंबलं. आपण शिकवलं ते दाखवायचंच, म्हणून त्यांनी कनोकवानची वही मागवली. अक्षर मोत्यासारखं. बाई तासाला जे जे बोलल्या, ते सगळं उतरवलेलं. 'म्हणून क्ष बरोबर तीन.' त्याखाली, 'निरुत, खिडकी लाव.' आणि आजच्या पानावर, 'मागच्या बाईंना कुणी उठवू नका.'

बाईंना हसू फुटलं, पण फार टिकलं नाही. त्यांनी मुलीला जवळ बसवलं आणि समजेनासं कुठून झालं ते विचारलं.

"अपूर्णांकांपासून, बाई. पाचवीत."

"मग इतकी वर्षं काय करत होतीस?"

"येत होते."

त्या दिवसापासून शाळा सुटली की बाई लामदुआनच्या गाडीशेजारच्या बाकड्यावर बसू लागल्या. सॉसेजचे तुकडे करत अपूर्णांक शिकवायचे, बरोबर आलं की तुकडा खायचा. बासष्ट टक्के हजेरीमुळं परीक्षेतून बाद झालेला निरुतही आपणहून येऊन टेकू लागला. इथं कुणी नाव पुकारत नव्हतं, आणि त्याला भूक दांडगी होती.

फेरपरीक्षेत कनोकवानला आधी अडतीस मिळाले, दुसऱ्या खेपेला चोपन्न. लामदुआननं बाईंना सांगितलं की आता रस्सा जमलाय, मीठ अजून थोडं कमी आहे.

राहिला निरुत. बाकड्यावर सगळ्यात आधी उत्तर त्याचंच यायचं. त्यालाही परीक्षेला बसू द्या, असा अर्ज घेऊन बाई मुख्याध्यापकांकडं गेल्या. जादा तास भरले असतील तर नियमात बसवता येईल, असं म्हणून त्यांनी हजेरीपट मागितला. तो बाईंनी ठेवलाच नव्हता.

"बरं, तोंडी सांगा. किती तासांना हजर होता?"

पच्चरिनबाईंनी क्षणभर छताकडं पाहिलं.

"सॉसेज संपेपर्यंत सगळ्या तासांना," त्या म्हणाल्या.

मुख्याध्यापकांनी 'सगळ्या तासांना' एवढंच लिहून घेतलं. निरुतला एकाहत्तर मिळाले.