सहा आकड्यांचा जोडीदार

मी एक जुना पासवर्ड आहे. नऊ अक्षरांचा जीव. माझी हकिकत ऐकण्याजोगी आहे की नाही, कोण जाणे. तरी सांगतो, मित्रांनो.

रक्ततपासणीच्या एका प्रयोगशाळेत डॉक्टरबाईंनी मला जन्म दिला. रुग्णांचे सारे अहवाल माझ्या भरवशावर असत. रक्त तपासणाऱ्या भाऊंच्या हातात सदा हातमोजे. म्हणून संगणकावर अहवाल उघडायला ते नोंदणीच्या खिडकीवरच्या ताईंना बोलावत. ताई मला विसरत, मग भाऊ माझे एकेक अक्षर मोठ्याने सांगत. बाकांवरचे लोक ऐकत. मला वाटे, केवढा हा आपला मान!

एकदा एक बसचालक आला. बाकावर बसून मला ऐकलेल्या कुणीतरी त्याचा अहवाल उघडला होता, आणि साखर वाढल्याचे त्याच्याआधी त्याच्या मालकाला कळले होते. नोकरी गेली होती.

"बाई, रक्त तपासायला दिलं होतं," तो हळूच म्हणाला, "गावभर वाटायला नाही."

बाईंचा चेहरा उतरला. संगणकाची जाणकार असलेल्या त्यांच्या भाचीने मला बदलायला सांगितले, पण नऊ वर्षांची सवय बाईंना मोडवेना. शेवटी तिने माझ्या जोडीला एक सोबती आणला. मला टाइप केले की बाईंच्या फोनवर सहा आकडे येत. तेही घातले तरच अहवाल उघडत.

मी जळून खाक झालो. पाच मिनिटांचे त्याचे आयुष्य, पण तोरा केवढा! नुसते आकडे, माझ्यात निदान एक उद्गारचिन्ह तरी होते. बाई आता माझ्याकडे नव्हे, फोनकडे बघत.

मग एका दुपारी बाहेरच्या कुठल्याशा संगणकावरून कुणीतरी मला बिनचूक टाइप केले. मी नेहमीसारखा हसत बाजूला झालो. बाई डबा खात होत्या. फोन वाजला.

"भाऊ, तुम्ही उघडताय का?"

"माझ्या हातात सुई आहे, बाई."

ताईही रुग्णाशी बोलत होत्या. बाईंनी घास खाली ठेवला. आकडे त्यांनी कुणालाच सांगितले नाहीत आणि बाहेरचा तो माणूस बाहेरच राहिला.

त्याच दुपारी मला काढले. भाऊंना, ताईंना स्वतंत्र पासवर्ड मिळाले, आणि प्रत्येकाला सहा आकड्यांचा जोडीदार. चालकाची नोकरी मात्र परत आली नाही.

मित्रांनो, मला अक्षरे ओळखता येत, माणूस नाही. त्या आकड्यांनी बाईंना विचारले. मी कधी कुणाला विचारलेच नव्हते. तुमच्या घरी कुणाचे दुकान, दवाखाना, कारखाना असेल, तर माझ्यासारख्याला दारावर एकटा ठेवू नका. जोडीदार द्या. आम्हाला हेवा वाटेल, तो वाटू द्या.